चौपट राखण

प्रयोगशाळेत तिला सगळे कुलूपबाई म्हणत. फ्रीजरमधल्या आपल्या कप्प्याला ती कुलूप लावायची, ते दोनदा ओढून बघायची आणि दोन्ही किल्ल्या स्वतःच्याच गळ्यात अडकवायची. उद्या त्या दुसऱ्याच्या हवाली करायची पाळी आली होती.

कारण तिचं एन्झाइम. मातीतल्या एका जिवाणूपासून तिने ते जिवापाड खपून वेगळं केलं होतं. त्याचं काम एकच, डीएनएचे तुकडे करायचे. तुकडे झाले की डीएनएचं डिंकासारखं दाट द्रावण पातळ होतं. तिचं द्रावण मात्र दाटच राहायचं. तिने उष्णता कमीजास्त केली, आम्लता बदलली, मीठ घटवलं; एन्झाइम ढिम्म! शेवटी सरांनी सांगून टाकलं, "उद्यापासून हे काम ताईकडे."

ताई म्हणजे शेजारच्या टेबलावरची सीनियर. त्याच जिवाणूपासून तिनेही तेच एन्झाइम काढलं होतं, आणि तिच्या हाती ते पहिल्या फटक्यात चालायचं. कुलूपबाईला रडू येत होतं, पण त्याहून जास्त छळत होतं ते कुतूहल.

"ताई, तुझ्या बाटलीतला डीएनए दे ना जरा."

"घे की. विचारतेस काय?"

तिने आपलं एन्झाइम ताईच्या डीएनएत घातलं. थोड्याच वेळात द्रावण पातळ! मग ताईचं एन्झाइम आपल्या डीएनएत घातलं. ते तसंच दाट. म्हणजे एन्झाइम बिचारं निर्दोष होतं.

"तू डीएनएत घालतेस तरी काय?" ताईने विचारलं.

"तू घालतेस तेच, ईडीटीए. डीएनए टिकावा म्हणून. फक्त मी चौपट..."

बोलता बोलता ती थबकली. ईडीटीए हे रसायन मॅग्नेशियम पकडून ठेवतं, ते न मिळाल्याने डीएनए कापणारी एन्झाइमं थंडावतात, म्हणून तर डीएनए टिकतो. आणि मॅग्नेशियमशिवाय तिचं एन्झाइमही कामच करत नाही! तिने धावत जाऊन मॅग्नेशियमची बाटली आणली, दाट द्रावणात चार थेंब जास्तीचे सोडले आणि श्वास रोखून बघत बसली. जरा वेळाने ट्यूब तिरकी केली, तर द्रावण घळाघळा वाहिलं.

"सर, चूक माझीच होती," तिने जाऊन सांगितलं.

सरांनी ट्यूब हलवून पाहिली. "मग आता मॅग्नेशियम नेमकं किती लागतं, ते तूच शोध."

ती परतली तेव्हा ताई हसत म्हणाली, "वाचल्या बाई तुझ्या किल्ल्या!"

कुलूपबाईने गळ्यातली एक किल्ली सोडवली आणि ताईच्या हातावर ठेवली.

"असू दे तुझ्याकडे. पण हरवलीस ना, तर बघ!"