अंगठीतली नीली

लातुरात डॉक्टरकीचे क्लास वाढले तशी सराफ लाइनीत ग्रहांच्या खड्यांना मागणी वाढली. शनी आणि फिजिक्स, दोघांचाही बंदोबस्त एकाच बोटात. लक्ष्मम्मा त्याच कामासाठी चांदपाशा कारागिराकडं आली. नात मंजुश्रीची परीक्षा तोंडावर होती आणि आजीची नीलमाची अंगठी तिच्या बोटात सैल होत होती.

अंगठी चांदीची, नवऱ्यानं, गुरुबसप्पानं, हौसेनं घातलेली. भूकंपात घर गेलं, गुरुबसप्पा गेला. तिच्या बोटातली ही अंगठी तेवढी राहिली. आपल्या माणसानं अस्सल नीलम घातला, हे ती इतकी वर्षं चारचौघांत सांगत आली होती.

खडा बदलला जाऊ नये म्हणून ती रीतीप्रमाणं कारागिरासमोरच ठाण मांडून बसली. खडा काढायचा नाही, आहे तशीच लहान करा, असं तिनं बजावलं.

चांदपाशानं अंगठी उजेडात फिरवली. खडा वरून गर्द निळा-जांभळा, कडेनं मात्र पाण्यासारखा फिका. नीलमाचा रंग कडेनं इतका उतरत नाही. ही नीली होती, नीलमाऐवजी खपणारा स्वस्तातला खडा. दिसायला देखणी, पण आच लागली की तडकणारी, आणि अंगठी लहान करायची तर आच द्यावीच लागते. अंगठीच्या आत त्याच्या अब्बांची खूण होती. नीली विकताना अब्बा गिऱ्हाइकाला दोनदा सांगत, बाबा, ही नीली आहे. म्हणजे गुरुबसप्पाला सगळं ठाऊक होतं.

खडा जुना झालाय, काढलेला बरा, असं त्यानं आडून आडून सांगून पाहिलं. ती हटेना. मग हा नीलम नाही, नीली आहे, हे सांगावंच लागलं.

लक्ष्मम्मानं विचारलं,

"त्यांनी मला फसवलं, का त्यांना कुणी फसवलं?"

"अक्का, आमच्या अब्बांनी फसवलं त्यांना," तो म्हणाला. "आत त्यांचीच खूण हाय."

तिनं अंगठी ओढून घेतली आणि तडक समोरच्या दुकानाची पायरी चढली. कुणाकडूनही करून घ्या, पण खडा आधी काढायला लावा, गरम पाण्यात धुऊ नका, असं त्यानं मागून सांगितलं. तिनं वळून पाहिलं नाही.

तिचा आवाज मात्र रस्त्यापलीकडून स्वच्छ आला.

"आधी खडा काढा. नीलम न्हाई त्यो. ह्या समोरच्याच्या बापानं गंडवलं माझ्या मालकाला. लई साधा माणूस व्हता."

अख्ख्या लाइनीनं चांदपाशाकडं पाहिलं. तो मान खाली घालून बसून राहिला. दुकानाच्या पाटीवर अजून अब्बांचंच नाव होतं.