गाडीचा खांदा

गोवर्धननं गियर पहिल्यात टाकला, क्लचवरचा पाय हळूच उचलला आणि रेस दिली. इंजिन असं गरजलं की नाल्याकाठचे बगळे उडून गेले, पण तांदळाची पोती लादलेला ट्रक चढावर वीतभर सरकेल तर शपथ. उलट हातभर मागंच आला. त्यानं ब्रेक दाबला, खाली उतरून मागच्या चाकांना दगड लावले आणि पहिली शिवी चुन्नीलाल मिस्त्रीला हासडली.

शिवी फुकटची नव्हती. हा ट्रक लढाईतला. लढाई संपल्यावर पलटणीनं मोडीत काढलेला, तो तिरोड्याच्या नंदलाल सेठनं राइस मिलसाठी उचलला. आषाढात त्याची क्लचप्लेट घासून गेली, तेव्हा मिलच्याच मिस्त्रीनं, म्हणजे चुन्नीलालनं, तिच्यावर नवं लायनिंग, म्हणजे पकड धरणारं अस्तर, बसवलं. तेही एकदा सैल निघालं. सेठनं तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं, आता पुन्हा गाडी रस्त्यात उभी राहिली तर आपली पेटी उचलायची आणि जबलपूरची वाट धरायची. चुन्नीलाल मिलच्याच खोलीत बायको अन् दोन मुलींना घेऊन राहत होता. त्यानं मान खाली घालून पुन्हा रिव्हेट ठोकले होते.

आज पोळ्याचा दुसरा दिवस, नारबोद. सकाळी गावागावांतून पोरांनी नारबोद, म्हणजे पीडेची बाहुली, ओरडत वेशीबाहेर नेली होती आणि सगळी पीडा तिच्यासोबत गेली असं मानून माणसं निवांत झाली होती. गोवर्धनची पीडा मात्र नाल्याच्या चढावर वाट पाहत होती. गोंदियाला वॅगन लागलेली, पोती दुपारपर्यंत पोचायला हवीत. तेवढ्यात ओळखीचा मुन्नालाल सायकलवर तिरोड्याकडे जाताना दिसला. गोवर्धननं त्याला थांबवलं.

"सेठले सांगजो, गाडी नाल्यावर अडकून राहिली. चुन्नीलालचा लायनिंग गेला म्हना. नाव घेऊन सांगजो."

मुन्नालाल गेला. माणूस रागात असला की निरोप मोठा हुशारीनं पाठवतो. तपासणी करायची अक्कल मग सुचते. गोवर्धनचंही तसंच झालं.

त्यानं पेडल हातानं दाबून पाहिलं. दोन बोटं ढील होती, जेवढी हवी तेवढीच. खालचा स्प्रिंग जागेवर, सळी सरळ. इंजिनचं तेल गळून प्लेटवर गेलं, म्हणून ती घसरते म्हणावं तर खाली एक थेंब नाही. मग त्यानं पायाखालची फळी उचलली. क्लचच्या घरावर हात जाईल एवढं एक झाकण असतं, दोन पाकळीच्या स्क्रूंवर बसवलेलं. ते उघडताच वास आला. जळक्या लायनिंगचा कडवट वास तर होताच, पण त्यात भलतंच काहीतरी होतं. सकाळी गावाहून मिलकडे जातानाही करंज्या तळल्यासारखा वास त्याला आला होता. कोणाच्या तरी घरचा असेल म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. रिकामी गाडी होती, रस्ता सपाट होता, तोवर काही कळलं नव्हतं.

त्यानं आत हात घातला. बोटं बाहेर आली ती पिवळीधमक.

हळद. आणि तूप.

गोवर्धन मडगार्डवर बसला. 

माघात त्यानंच बापाच्या, बकारामच्या, मागं लागून बैलजोडी विकायला लावली होती. मी तर गाडीवर असतो, बाबा, आता कोण नांगर धरते, जमीन बटईनं देऊन टाका. बकारामनं दिली. चाळीस वर्षं बैलांच्या शेपटीमागं चाललेला माणूस मग ओसरीत बसून राहायला लागला. पोळ्यासाठी दोन दिवस मिल बंद, म्हणून गोवर्धननं सेठला विचारून ट्रक गावी आणला, तेव्हा म्हातारा बऱ्याच दिवसांनी उठून गाडीभोवती फिरला. चाकं पाहिली, बोनटवरून हात फिरवला आणि विचारलं, "हिचा खांदा कोठी आहे? जोर कायच्यावर येते?"

गोवर्धनला काय गर्व झाला म्हणता. त्यानं फळी उचलून, झाकण खोलून दाखवलं. इंजिन इकडून ओढते, चाक तिकडून ओढते, मधात ही प्लेट. सगळा जोर हिच्यावर. हाच खांदा समजा. बकारामनं वाकून पाहिलं होतं. "घासून गेला दिसते बिचाऱ्याचा," एवढंच म्हणाला होता.

आणि त्या दिवशी खांदशेकणी होती, पोळ्याची आदली संध्याकाळ. गावातल्या साऱ्या गोठ्यांत लोक बैलांचे खांदे पळसाच्या पानानं शेकत होते, तूप-हळद चोळत होते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं बैलांच्या कानात सांगत होते. गोवर्धन चावडीवर गप्पा ठोकत बसला होता. घरी कोणाचा खांदा शेकला गेला हे विचारायला त्याला सवड झाली नाही.

सेठचा हुकूम साफ होता. ड्रायव्हर आणि मिस्त्री सोडून गाडीला तिसरा हात लागला तर ड्रायव्हर घरी. त्याला वाटलं, पेट्रोलनं सगळं धुऊन टाकावं, झाकण लावावं, लायनिंग गेलं म्हणजे गेलं. निरोप तर गेलाच आहे. त्यानं खरंच चिंधी भिजवली, हात पुसले, आत दोनदा फिरवली. आपण काय करतो आहोत हे त्याला पुरतं कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, पण हात थांबत नव्हता.

जीप आली तेव्हा झाकण लागलेलं होतं. नंदलाल सेठ उतरला तो तापलेलाच. मागच्या बाजूनं चुन्नीलाल उतरला. हातात पाना होता, तोंड वाळलेलं होतं.

"देख ले अपनी कारीगरी," सेठ म्हणाला. "शाम तक कमरा खाली चाहिए."

चुन्नीलाल गाडीत चढला. त्यानं फळी काढली, झाकण खोललं, आत हात घातला. बराच वेळ हात आतच ठेवला. मग बोटं नाकाशी नेली आणि वर पाहिलं, सेठकडे नाही, गोवर्धनकडे. आधी चेहऱ्याकडे, मग हाताकडे. गोवर्धनच्या नखांत पिवळं तसंच होतं. हळद पेट्रोलला कुठं दाद देते.

मिस्त्रीनं तोंड उघडलं असतं तर गोवर्धनला सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं. पण चुन्नीलालनं बोटं पायजम्याला पुसली आणि हळूच म्हणाला, "लायनिंग जल गया, सेठजी." एवढंच. कशानं जळलं ते सांगणं त्यानं गोवर्धनवर सोडलं.

"सेठ," गोवर्धन म्हणाला.  "मिस्त्रीचा काम चांगला होता. माह्या घरून त्यात तूप पडला. हरद-तूप. खांदशेकणीचा."

सेठला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तो हसला, आणि हसणं संपल्यावर त्यानं हात पुढं केला. गोवर्धननं चावी त्या हातावर ठेवली. चुन्नीलाल तोवर गाडीखाली शिरला होता, त्याचे पाय तेवढे दिसत होते.

गोवर्धन चालतच घरी आला. दिवस कलला होता. बकाराम ओसरीत वाट पाहत होता, कितीतरी दिवसांनी ताठ बसलेला.

"चढली नं आज मुकाट्यानं?"

"चढली, बाबा."

"मुका जनावर सांगत नाही, आपन समजाव लागते." म्हातारा खूश होता. मग त्यानं अंगणात पाहिलं. "गाडी कोठी आहे?"

"मिलमधी. आराम करून राहिली."

"अन् तू?"

गोवर्धननं हातानं कपाळाचा घाम पुसला. बकारामची नजर त्याच्या नखांवर गेली आणि तिथंच थांबली. हळदीचा रंग त्या माणसाला कोणी सांगायला नको होता. त्याचं तोंड हळूहळू पडत गेलं. त्यानं विचारलं, "खांदा तोच होता नं? तूच तं दाखवला होता."

गोवर्धन बापाजवळ खाली बसला.

"तोच होता, बाबा," तो म्हणाला. "तुमी बराबर जागी लावले. मीच चुकीचा सांगितलो."