ठोक्यांची राखीव वाट

मित्रांनो, वॉर्डातल्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवलेली मी एक जुनी डबी आहे. साबणाच्या वडीएवढी. रुग्णाच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत बसायचे, त्याच्या काळजाचे ठोके टिपायचे आणि तारेवाचून, हवेतून सिस्टरच्या पडद्यापर्यंत पोहोचवायचे, हे माझे काम होते.

हवा तुम्हाला मोकळी दिसते. मला ती वाटांनी भरलेली दिसायची. एका वाटेने बातम्या जात, एकीने गाणी. माझी वाट अरुंद आणि शांत होती. धुक्यातून मेंढरे जावीत तसे ठोके तिच्यावरून एकामागून एक जात.

मग समोर नाट्यगृह उघडले. नटांच्या कॉलरला बिनतारी माईक लागले आणि नेमके माझ्याच वाटेने बोलू लागले. संध्याकाळी तालीम सुरू झाली की माझे ठोके त्या बोलण्यात विरघळून जात. पडद्यावरची रेषा वाऱ्यातल्या गवतासारखी विस्कटायची, घंटा वाजायची. सिस्टर धावत यायच्या, तर ज्यांच्या गळ्यात मी होते ते शिंपीकाका खिडकीशी बसून समोरच्या गाण्यावर मान डोलावत असायचे.

"काय सिस्टर, गेलो की काय मी?"

"जाताय कुठं? माझी बाही उसवलीय, ती कोण शिवणार?"

रोज तेच. हळूहळू घंटा वाजली की सिस्टर जागेवरूनच बटण दाबून ती गप्प करू लागल्या. "सुरू झाली वाटतं समोरची तालीम," म्हणायच्या. मला ठोके पाठवता येत होते, हाक मारता येत नव्हती.

एका संध्याकाळी काका बसल्या बसल्या उशीवर कलंडले. त्यांचा ठोका अडखळला, मग नुसताच थरथरू लागला. मी ती थरथर पाठवली. पडद्यावर पुन्हा तेच गवत, पुन्हा तीच घंटा.

पुढचे सिस्टरनीच काकांच्या लेकीला सांगितले, तेव्हा मला कळले. "बोट बटणावर ठेवलं आणि वाटलं, अगं बाई, गाणं कुठंय? समोर सगळं चिडीचूप. आज तालीमच नाही!"

त्या धावत सुटल्या. यंत्राने काकांच्या छातीला झटका दिला. सगळे थांबले. मग फार लांबून, झोपेतून उठून यावा तसा, एक ठोका आला. त्याच्यामागून दुसरा.

सिस्टरनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली. रेडिओलहरी तपासणारे सरकारी साहेब माशाच्या काट्यासारखी अँटेना घेऊन वॉर्डभर फिरले आणि थेट नाट्यगृहात गेले. तिथल्या मॅनेजरना घेऊनच ते परतले.

"अहो, हवेला कुठं दार असतं?" मॅनेजर म्हणाले.

"दार नसतं, म्हणूनच नियम असतो. ही वाट दवाखान्यांसाठी राखीव आहे."

"मी पण लवकर बोलायला हवं होतं," सिस्टर हळूच म्हणाल्या.

मॅनेजरनी खाटेवरच्या काकांकडे पाहिले. मग ते नाट्यगृहात परतले आणि त्याच दिवशी माईकची वाट बदलली.

मित्रांनो, हवेत तुमच्याही बोलण्याला जागा आहे. पण जिथून कुणाचे काळीज चालले असेल, तिथून बाजूला व्हा. आणि एखादी घंटा रोज खोटी वाजत असेल तर तिचे तोंड दाबू नका. ती खोटी का वाजते, ते शोधा.

आता माझी बॅटरी काढून घेतली आहे. संध्याकाळी समोरचे गाणे भिंतीतून झिरपत येते. कधीतरी सिस्टर कपाट उघडतात, आणि बारीक, नेटक्या टाक्यांनी शिवलेली एक बाही मला हळूच घासून जाते.