लाल बटणाची तार

आमच्या घरात शब्दाआधी हात चालतो. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते. त्यांची तलवार अजून घरात आहे, पण लढायला शत्रू उरला नाही, म्हणून आम्ही एकमेकांवरच धावतो. मी विनिता, धाकटी. समरजीतदादा थोरला. किला गेटजवळ आमचं कूलरच्या बॉड्या बनवायचं वर्कशॉप आहे. तिथल्या पत्रा वाकवायच्या रोलर मशीनवरूनच हे महाभारत घडलं.

त्या मशीनला यंदा मी पीएलसी लावलं. म्हणजे एक छोटा डबा, जो बटणांचं ऐकतो आणि मोटरला हुकूम देतो. मोबाईलवर बघून बघून शिकले. आधी लाल बटण उलटंच जोडलं होतं. दाबलं की डब्याकडे करंट जाईल आणि मशीन थांबेल, असं. मग उंदरानं ती तार कुरतडली. मी बटण बडवतेय आणि रोलर आपले फिरतायत! तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं की लाल बटणातून करंट सतत यायला हवा. तो तुटला, मग बटणानं तुटो की उंदरानं, मोटर बंद. तशी पुन्हा जोडणी केली.

पण तार जरा ढिली झाली की मशीन मधेच थांबायचं आणि दादाचा पारा चढायचा. दसरा जवळ आलेला, ऑर्डर अडलेली. एक दिवस तो तारेचा तुकडा घेऊन आला. म्हणे, डब्यातच बटणाच्या तारेची दोन टोकं जोडून टाकतो, झंझटच नको. तसं केलं असतं तर पुढं बटण दाबा नाहीतर तार तुटू दे, डब्याला पत्ताच लागला नसता. मी आडवी आले. त्यानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग मीही पाना उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला. रक्ताची धार त्याच्या डोळ्यात उतरली.

"त्या तारेला शिवलास तर हात तोडीन तुझा," मी म्हणाले.

आमचे वडील, आबा, मधे पडले म्हणून तेवढ्यावर निभावलं. दादाला टाके पडले. मी तारेचा पेच आवळला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

खंडेनवमीला आबांनी रिवाजाप्रमाणे तलवार मशीनशेजारी चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि मशीनला पूजेचा नाडा बांधला. बांधायला जागा सापडली ती नेमकी लाल बटणाची मान. चांगले जाडजूड वेढे दिले. मला खटकलं, पण देवाचा नाडा सोडायचा कोणी?

दसऱ्याच्या सकाळी दादानं मुहूर्ताचा पत्रा घातला. अंगात नवा कुर्ता, लांब बाही. रोलरनं आधी बाही धरली, मग बोटं. हाडं मोडल्याचा आवाज मला मोटरच्या आवाजातही आला. मी बटणावर मूठ हाणली. नाड्यानं ते आत जाईना. वेढे इतके घट्ट की नखं तुटली तरी सुटेनात. आबा मेन स्विचकडे धावले, तर त्याच्यापुढं तयार बॉड्यांची थप्पी. ते ती ओढत राहिले. दादा मशीनला लाथा घालत होता आणि हात इंचाइंचानं आत जात होता.

मी चौरंगावरची तलवार उचलली. दादानं ती बघितली, मग मला बघितलं. त्याला वाटलं, मी बोलले ते खरं करायला आले.

"तोड," तो म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

मी बटणाच्या तारेवर घाव घातला. पिढ्यान्‌पिढ्या धार न लावलेली तलवार, पहिला घाव नुसताच आदळला. माझ्या तोंडून शिव्या निघत होत्या, देवाला की दादाला कोण जाणे. दुसऱ्या घावाला तार तुटली आणि रोलर जागच्या जागी थांबले.

मी आणि आबांनी पेच सैल करून वरचा रोलर उचलला. दोन बोटं गेली. बाकीचा हात राहिला.

मुरार भागातल्या दवाखान्यात पट्टी बांधताना डॉक्टरनं कपाळावरचे टाके बघितले आणि हिंदीत विचारलं, हेही मशीननंच केलं का?

"नहीं, ये बहन ने मारा था," दादा म्हणाला. "इसीलिए हाथ बचा."

मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि पोटभर रडले.