किटलीच्या पोटात

चकचकीत वस्तूंशी नवऱ्याचं जुनं वैर होतं. चमचा असो की घड्याळ, टेबलावर ठेवलं की अख्खी खोली त्यात येऊन बसायची: छत, खिडकी, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागचा हा. म्हणून स्टुडिओत दोघंही काळे कपडे घालायची. तो फोटो काढायचा आणि बायको थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून, त्यामागे दडून वस्तूवर उजेड परतवायची. लग्नापासून हेच चाललं होतं.

उद्यापासून मात्र ती दुसऱ्या स्टुडिओत जाणार होती, स्वतः फोटो काढायला. तिनं सांगितलं तेव्हा नवरा "बरं" म्हणाला, संपलं. सासूबाई म्हणायच्या, "हा बोलायला लागला उशिरा, आणि लागला तोही काटकसरीनं." आपण नसलो तर याला काही वाटणार आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. विचारायचं मात्र नव्हतं. मागून घेतलेल्या कौतुकाला काय चव?

आज स्टीलची किटली होती. अगदी जवळून फोटो घ्यायची, साठ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावली, तर कॅमेरा इतका जवळ न्यावा लागला की किटलीच्या पोटात त्याचाच काळा डोळा दिसायला लागला.

"लांबची लाव," ती म्हणाली.

त्यानं दीडशेची लावून कॅमेरा मागे घेतला. दिव्यापुढे पांढरा कागद ताणला, तशी किटलीवरची बोचरी चमक मऊ झाली.

"डावीकडे. अजून. थांब." त्याचं दिवसभराचं बोलणं एवढंच.

"उद्या याला एक स्टँड घे बाबा," थर्माकोलवरून डोकं काढून ती कुरकुरली. "हात गळून पडले माझे."

तो चहा करायला आत गेला, तेव्हा तिनं स्क्रीनवर फोटो पाहिले. शेवटचा बघून ती चिडलीच. किटलीची चोच धूसर, मूठ धूसर, झाकणही धूसर. मग तिचं लक्ष किटलीच्या पोटाकडे गेलं. तिथे नखाएवढी ती होती, थर्माकोलवरून डोकावणारी, तोंड वाकडं केलेली. सुटलेली बटसुद्धा स्पष्ट दिसत होती.

इतक्या जवळून किटली स्पष्ट घेतली तर तिच्यातलं प्रतिबिंब धूसर येतं. प्रतिबिंब हवं असेल तर फोकस मुद्दाम तिकडे न्यावा लागतो. ही चुकून होणारी गोष्ट नव्हे, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

वायर गुंडाळून ठेवायला तिनं सामानापुढचा पडदा सारला, तर मागे नवाकोरा स्टँड उभा.

"हा कधी आणलास?"

"परवा," कप पुढे करत तो म्हणाला.

"मग आज मला कशाला ताटकळत ठेवलंस?"

तो चहात बघत राहिला. "स्टँड काय, उद्यापासून आहेच."

तिचे डोळे भरून आले, आणि नेमका आत्ताच तोंड लपवायला हातात थर्माकोल नव्हता.