पत्ती लोखंड खाते

बिरसी तांतीच्या तोंडी लागायची छाती चहाबागेतल्या सरदाराचीही नव्हती. पण त्या दिवशी बागेच्या दवाखान्यात सिस्टरनं तिच्या नातीची पापणी खाली ओढली, बोट टोचून रक्ताचा थेंब काढला आणि साऱ्या बायांसमोर विचारलं, "आजी, गेल्या महिन्याचं औषध पोरीला दिलंत की मोरीला? हिच्या अंगात रक्त नाही, नुसतं पाणी आहे."

"माझ्या हातानं पाजलंय. थेंब सांडू दिला नाही!"

"मग गेलं कुठं? पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. असंच असलं तर ब्रह्मपुत्रेपल्याडच्या इस्पितळात पाठवायची. काळीज कसं धडधडतंय बघा."

शेजारच्या दुलारीचा लेक असाच पल्याड गेला होता. परत आला तो चादरीत.

बिरसीनं नातीला, सालगीला, पाठीवर बांधलं. पाच वर्षांची पोर, पण पत्तीची रिकामी टोपली तरी जड लागावी. कापडाआडून ती धडधड बिरसीच्या पाठीला लागत होती, ओंजळीत धरलेल्या चिमणीसारखी.

घरी मुंगरी, तिची सून, भीत भीत बोलली, "माय, सिस्टर म्हणते, औषधावर चहा देऊ नका."

"चहाच्या बागेत राहून चहा सोडायचा? उद्या माशाला सांगेल पाणी सोड! मला माझ्या आयेनं दुधाआधी मिठाचा नूनचहा पाजला, मेले का मी? तूच बाटलीत पाणी घालत असशील."

"माझी पोर आहे ती!"

"मग भिंतीची माती का चाटते? तुझ्या माहेरची खोड, दुसरं काय!"

त्या दिवसापासून बाटली बिरसीच्या कमरेला. सकाळ झाली की चमचाभर औषध, पोरीचं वाकडं तोंड, आणि वर मिठाचा कडक चहा, त्यात बुडवलेली रोटी. तरी सालगीचे ओठ केळीच्या सोपटासारखे पांढरे पडत चालले. कोंबड्यांमागं धावणारी पोर आता उंबऱ्यात बसून त्यांना नुसती बघायची. बिरसी तिला बघायची आणि मुंगरीला शिव्या घालायची.

रविवारी सालगीनं दात घट्ट आवळले, काही केल्या औषध घेईना. बिरसीनं औषध सरळ चहाच्या पेल्यातच ओतलं. "घे, आता कळणारही नाही." पण पोरीची मान कलली, बसल्या जागी झोप लागली. पेला तसाच पायरीवर राहिला. बिरसी पाणी भरून आली आणि थबकली. पेल्यातला लालसर चहा शाईसारखा काळाकुट्ट झाला होता.

"मुंगरे! काय कालवलंस यात?"

"काही नाही, माय!"

"चहा असा होतो? माझ्या घरात विष?"

मुंगरीचा चेहरा उतरला. मग तिनं पेला उचलून ओठाला लावला. "विष असेल तर मीच पिते."

"ठेव तो!" बिरसीनं झडप घातली. पेला हिंदकळला, चहा तिच्या हातावर सांडला. बोटं काळी पडली. ती पदराला पुसत राहिली, डाग हटेना. आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

हा काळा रंग तिनं जन्मभर पाहिला होता. थंडीत चहाच्या झुडपांची छाटणी चालायची तेव्हा बोटं अशीच व्हायची. सुरी न पुसता ठेवली की सकाळी पातं काळं पडलेलं. म्हातारा सासरा ओरडायचा, "पुसून ठेव गं, पत्ती लोखंड खाते!"

"मुंगरे," तिचा आवाज खाली आला, "या औषधात काय असतं म्हणाली ती सिस्टर?"

"लोह, माय. लोखंडच की ते."

दोघींनी पेल्याकडं पाहिलं. मग उंबऱ्यात झोपलेल्या सालगीकडं.

"चुलीवरची केटली उतरव," बिरसी म्हणाली.

"आजच्यापुरती?"

"पोरीच्या घशाखाली चहाचा घोट गेला तर तुझे हात मोडीन." ती थोडं थांबली. "आणि माझेही."

सालगी चहासाठी हातपाय आपटून रडली. कोरडी रोटी थुंकली. पोर आपल्या पेल्याकडं बघते म्हणून बिरसीनंही चहा सोडला. आठवडाभर डोकं ठणकलं, सोबतच्या बाया हसल्या, "बिरसी मेमसाहेब झाली, नुसतं पाणी पिते!" औषध आता लिंबाच्या पाण्यासोबत जाऊ लागलं, भातावर ओढ्याकाठच्या ढेकियाची हिरवी पालेभाजी आली. पण ओठ पांढरे ते पांढरेच, आणि महिना संपत आला. रोज पहाटे बिरसी पोरीच्या छातीवर तळवा ठेवून बघायची.

दवाखान्याच्या चढावर सालगी पाठीवरून म्हणाली, "आजी, खाली सोड." आणि चालू लागली. बिरसीनं तिला हाक मारली नाही, दृष्ट लागेल म्हणून.

सिस्टरनं बोट टोचलं. थेंब वर आला. मागच्या वेळी तो पाण्यात कुंकू कालवल्यागत फिका होता. आता लाल होता. सिस्टरनं पुन्हा तपासलं, पापणी ओढून पाहिली.

"पल्याड न्यायला नको," ती म्हणाली. मग बायांकडं बघून हसली. "शेवटी औषध दिलंत म्हणायचं, आजी!"

रांगेतल्या बाया वाट बघत राहिल्या. बिरसी आता सिस्टरची सालटी काढणार.

बिरसीनं सालगीचं बोट आपल्या पदरानं पुसलं.

"हो बाई," ती म्हणाली. "आता दिलं."