पोटातली हळद

मित्रांनो, सोनगीरजवळ कौतिकभाऊंच्या अंगणात कडुनिंबाला टेकून ठेवलेला जुना रेडिएटर तो मीच. गाडीच्या नाकाशी बसून तिच्या इंजिनाचं तापलेलं पाणी गार करायचं, हे माझं काम. आता काम नाही, तरी जिवाला स्वस्थता नाही. कुठे गाडी घरघरली की तिचं पाणी तापलं का, हेच अजून मनात येतं.

माझा जन्म जळगावचा. तांब्याच्या नळ्या, वर-खाली पितळी टाक्या. कारागिरानं मला पाण्यात बुडवून पाहिलं, एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा तो मनापासून हसला. तिथून मी कौतिकभाऊंच्या जीपमध्ये आलो.

जीप कौतिकभाऊंची, पण धावायची ती त्यांच्या बायकोसाठी, प्रमिलाबाईंसाठी. खापरावरचे पुरणाचे मांडे करण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही. लग्नसराईत मागे खापर, परात, पिठाचे डबे आणि पुढे मी. डांबर वितळेल अशा उन्हात मी गाडी तापू दिली नाही.

मग मुक्ताईनगरला जाताना एक खडा उडून माझ्या नळीला लागला आणि पाणी ठिबकू लागलं. कौतिकभाऊंच्या आईच्या, भिकुबाईंच्या, पदरात मुक्ताबाईला वाहायची हळद होती. त्यांनी ती माझ्या तोंडात ओतली. गळती थांबली!

"पाह्यं का? मनी हयद पावनी!" म्हातारी आनंदानं म्हणाली.

त्या दिवसापासून गाडी निघाली की त्यांची चिमूट ठरलेली. मायेनं घालायच्या हो. वर बोअरचं खारं पाणी. थरावर थर बसत गेले आणि मी आतून गुदमरू लागलो. मागच्या वर्षी एका लग्नाला जाताना मी रस्त्यातच वाफ ओकली. प्रमिलाबाई पोचल्या तेव्हा पंगत उठून गेली होती. लोक मला नाही, त्यांना बोलले. ते मला फार लागलं.

यंदा शिंदखेड्याला हळदीच्या जेवणाचे मांडे त्यांच्याकडे आले. आता चुकलं तर पुन्हा कोणी हाक मारणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या दिवसांत मला खोलून साफ करायला एकाही मिस्त्रीला सवड नव्हती. म्हणून कौतिकभाऊंनी सकाळीच जीपनं धुळ्याहून नवा रेडिएटर आणला आणि बोल्ट खोलायचे पाने घरीच बाहेर काढले.

प्रमिलाबाई दारातून उन्हाकडे बघत होत्या. "ऊन चढनं. खापर गाडीमा ठेवू, का डोकावर लई जाऊ?"

"गाडी थंडी व्हऊ दे," कौतिकभाऊ म्हणाले. "तापेल झाकण उघाडं तं तोंड भाजी."

गाडी निवाल्यावर त्यांनी खालची चावी सोडून माझं पाणी घमेल्यात घेतलं, बकरीनं तोंड घालू नये म्हणून ते उंचावर ठेवलं. पट्ट्या ढिल्या करून पाइप ओढले, बोल्ट काढले आणि मला उचलून निंबाखाली ठेवलं. माझ्या जागी ॲल्युमिनियमचा तो हलका पोरगा बसला. इंजिन गार ठेवणारं हिरवं कुलंट ओतलं, तोच खालून थेंब पडले.

"खाले पाहा, रडी राहिनं ते!" प्रमिलाबाई ओरडल्या.

पट्टी नीट आवळली. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे निघून गेले, मग इंजिन बंद केलं. थोडं कुलंट कमी पडलं म्हणून कौतिकभाऊ घरात गेले. तेवढ्यात भिकुबाई हळदीची डबी घेऊन आल्या. नव्याचं तोंड उघडंच होतं.

मला तोंड असूनही बोलता येईना!

प्रमिलाबाईंनी ते पाहिलं. सासूचा हात कसा धरावा? त्या माझ्याजवळ आल्या. "आत्याबाई, हात लावा ना. हाऊ जुना उचलाना शे."

भिकुबाईंनी डबी बाजूला ठेवली. दोघींनी मला उचललं आणि प्रमिलाबाईंनी मला हळूच सासूकडे कलतं केलं. माझ्या पाइपातून पिवळा, चुनकट गाळ भदकन त्यांच्या पायांवर पडला.

"हाई काय व माय?" त्यांनी तो बोटांवर घेतला, वास घेतला. "हाई तं मनी हयद शे!"

त्या सुनेकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तू बोलनी कसाले नहीस?"

"तुम्ही मायाथी टाकेत, आत्याबाई. कसं बोलू?"

भिकुबाईंनी डबी उचलली, पण चिमूट आत पडली नाही. त्यांनी नव्याच्या कपाळाला हळदीचं एक बोट लावलं. मग वाकून माझ्याही पितळी माथ्याला लावलं. "तू बी गोड मानी ले," त्या म्हणाल्या.

गाडी गेली. दुपारभर मी कान टवकारून बसलो. वारा सळसळला तरी वाफेचाच आवाज वाटायचा. दिवस कलल्यावर जीप आली, पण फुसफुसत नाही, शांत. प्रमिलाबाई उतरल्या त्या रिकामी परात वाजवत.

"आत्याबाई, एक बी मांडा उरना नही!"

मित्रांनो, गळतं ते वेळेवर सांधा. आम्हाला चांगलं पाणी द्या, मधूनमधून पोट धुवा. आणि माया करताना समोरच्याला काय हवं ते एकदा विचारा. मी अजून निंबाखालीच आहे. भंगारवाल्यानं विचारलं की भिकुबाई म्हणतात, "ऱ्हाऊ दे." माझ्या माथ्यावरची हळद त्यांनी अजून पुसू दिलेली नाही.